सोजरचे उपवास

बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं डोळे उघडायला लागली, की रस्त्याच्या कडेला बायका पाट्या घेऊन बसतात. खाली सीताफळाचाच पाला, वर फळांची रास. "दाबून बघू नका ताई, डोळा बघा," असं त्या सांगतात. खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या झाल्या, की फळाचा डोळा उघडला म्हणायचं; मग दोन दिवसांत ते पिकतं. मी तलाठी आहे. केज तालुक्यातल्या गावांमधून माझं रोजचं फिरणं असतं. या दिवसांत हवेत सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडत असतो, कपाशीच्या वेचणीला बायकांचे घोळके निघालेले असतात. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दुपारी ऊन पाठ भाजतं. अशा हवेत मला सोजर आठवते. तशी ती काही हरवलेली मैत्रीण नाही. आठवड्यातून एकदा आमचं फोनवर बोलणं असतंच. पण सीताफळाच्या दिवसांत आठवते ती सहा वर्षांपूर्वीची सोजर. आणि तिच्या शेजारी बसलेली मी, जिला समोर काय चाललंय ते दिसत होतं आणि कळत नव्हतं.

त्या वर्षी आम्ही दोघी बीडमध्ये एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो. मी दिंद्रुडची, शेतकरी घरातली. तलाठी परीक्षेसाठी दिवसभर अभ्यासिकेत मान मोडून बसायचे. ती युसूफ वडगावजवळची. तिचे आई-वडील मेंढ्या राखायचे. वर्षातले सात-आठ महिने कळपामागं रानोमाळ आणि उरलेले गावात. सोजर हे नाव आजच्या मुलींमध्ये कुणाचं नसतं. कॉलेजात मुली हसल्या, तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या आजीचं नाव हाय. तिनं एकटीनं लांडगा हाकलला व्हता. तुमच्या नावाच्या बाईनं काय केलं?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

सोजर पोलीस भरतीची तयारी करत होती. लहानपणापासून मेंढ्यांमागं चालून तिच्या पायांत जे बळ आलं होतं, ते मैदानावर आम्हाला दिसायचं. पहाटे ती पळायला निघाली की मी झोपेतून उठून मोबाईलवर वेळ लावायला जायचे. मला पळण्यातलं काही कळत नाही. पण ती वळणावरून बाहेर पडून शेवटच्या शंभर मीटरला लागली, की माझ्या अंगावर काटा यायचा. तोंड वाकडं नाही, खांदे ताठ नाहीत. कुणीतरी हाक मारली म्हणून निघालेल्या माणसासारखी ती यायची.

आणि ती जेवायची किती छान! हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुढं सगळे म्हणाले की ती पहिल्यापासूनच कमी खाणारी असेल. अजिबात नाही. ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात दूध, वर मिरचीचा ठेचा, आणि शेवटी वाटी तोंडाला लावून आवाज करत पिणं. माझी एक भाकरी बघून म्हणायची, "अर्चे, हे जेवण हाय का चव बघायलीस?" गावाहून आईनं पाठवलेलं तूप ती मला विचारल्याशिवाय माझ्या ताटात वाढायची.

आदल्या वर्षीच्या मैदानी चाचणीत ती काही सेकंदांनी मागं पडली होती. त्यानंतर भरतीच्या अकॅडमीतल्या सरांनी सगळ्या मुलींना एका रांगेत उभं करून सांगितलं, "अंग हलकं करा, वेळ आपोआप उतरतो." सर वाईट नव्हते. ते वाक्य ते दरवर्षी सगळ्यांनाच ऐकवायचे. वीस मुलींनी ते ऐकलं आणि एकोणीस जणी संध्याकाळपर्यंत विसरल्या.

घटस्थापनेला सोजरनं नऊ दिवसांचा उपवास धरला. आमच्याकडं यात नवल ते काय? घरोघर बायका धरतात. मेसवाल्या काकूंनी कौतुक केलं, घरमालकिणीनं कुमारिका म्हणून तिची ओटी भरली. पहाटे उपाशीपोटी मैदानावर पळताना पाहून सर म्हणाले, "याला म्हणतात निष्ठा." मीही माझ्या आईला फोनवर अभिमानानं सांगितलं. दसरा झाला. उपवास सुटला असं आम्ही समजलो. पण मग सोमवार आला, तो महादेवाचा. गुरुवार आला. शनिवार आला. चतुर्थी, एकादशी. मधे एखादा मोकळा दिवस उरला तर त्या दिवशी पोट बिघडलेलं असायचं. प्रत्येक दिवसाला एक देव होता आणि देवाच्या नावापुढं आपण काय बोलणार?

उपवासाला फराळ असतो. सीताफळ तर हक्कानं चालतं, आणि तो तर हंगामच होता. सोजर बाजारातून फळं आणायची, कागदात गुंडाळून पिकवायची, माझ्यासाठी फोडायची. एकेक पाकळी बी काढून वाटीत ठेवायची आणि वाटी माझ्यासमोर सरकवायची. मी खाताना ती माझ्याकडं बघत बसायची. "गोड हाय का? लई गोड हाय ना?" असं दोन-दोनदा विचारायची. स्वतःच्या वाट्याचं फळ मात्र खिडकीत काळं पडायचं. त्याच दिवसांत तिला स्वयंपाकाचा नाद लागला. काकूंच्या मेसमध्ये जाऊन थालीपीठं लावायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची, सगळ्या मुलींना आग्रहानं वाढायची. सगळ्यांना वाढून झालं की हात धुऊन बाहेर यायची. आज मागं वळून बघताना हे सगळं किती उघड दिसतं. तेव्हा मला वाटायचं, काय मन आहे हिचं.

मग छोट्या छोट्या गोष्टी टोचायला लागल्या. भर दुपारच्या उन्हात ती स्वेटर घालून बसायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. आमच्या पाळीच्या तारखा जवळजवळ असायच्या. दोन महिने तिनं त्याबद्दल काहीच काढलं नाही, विचारलं तर "आली की" म्हणून विषय बदलला. मैदानावर पहिले काही दिवस वेळ सुधारला, आणि नंतर मोबाईलवरचे आकडे उलटे चढायला लागले. ती मला म्हणाली, "तुझा मोबाईल खराब झालाय."

दिवाळीला सोजर सरावाचं कारण सांगून घरी गेली नाही. दिवाळीनंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी आम्ही नारायणगडावर गेलो. काकू, आम्ही दोघी, अजून दोन मुली. दर्शन झालं आणि पंगतीत बसलो. वरणभात, भाजी, आणि द्रोणात बुंदी. उपवासाचा वार नव्हता, एकादशी नव्हती, काहीच नव्हतं. मी मनातून खूश होते, की आज तरी ही जेवेल. सोजर माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती. तिनं बुंदी हातात घेतली, कपाळाला लावली आणि हात ओढणीखाली गेला. परत वर आला तेव्हा रिकामा होता. माझ्याकडं बघून ती तोंड हलवत हसली. मी तोंड फिरवलं. प्रसाद टाकायचा नसतो हे ज्या घरात पोटात असल्यापासून शिकवतात, त्या घरातली ही मुलगी. तिच्या हातून हे व्हावं म्हणजे आत कसली भीती बसली असेल! त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की यात देवाचा काहीच संबंध नाही.

परत आल्यावर मी अभ्यासिकेत पुस्तक बाजूला ठेवून मोबाईलवर वाचत बसले. खाण्याचा आजार असतो, तो मनातून सुरू होतो, त्यानं जीवही जातो, असं सगळं. वाचताना मला एकच अडचण येत होती. त्या लेखांमधल्या मुली मोठ्या शहरांमधल्या असायच्या, आरसे आणि फॅशनच्या जगातल्या. मेंढ्यांमागं वाढलेल्या, भाकरीची किंमत जन्मापासून माहीत असलेल्या मुलीला हे कसं होईल? मी स्वतःशीच वाद घातला आणि दोन आठवडे गप्प बसले. त्या दोन आठवड्यांची मला आजही लाज वाटते.

शेवटी बोलले तेही वाकडंच. ती बुटाची नाडी बांधत होती. मी म्हणाले, "सोजर, तू जेवत नाहीस."

"उपवास हाय."

"आज कशाचा?"

"तुला काय करायचंय? माझी सासू हायस का?"

"नारायणगडावर तू प्रसाद टाकलास. मी बघितलंय."

तिचा हात नाडीवरच थांबला. "मागावर राहायलीस का माझ्या?" एवढंच म्हणाली आणि पळायला निघून गेली. त्यानंतर चार दिवस आम्ही एका खोलीत राहून एकमेकींशी बोललो नाही. पाचव्या दिवशी मैदानावरून दोन मुली तिला धरून घेऊन आल्या. वळणावर डोळ्यांपुढं अंधारी येऊन ती पडली होती. गुडघा फुटला होता. मी हळद लावत होते आणि ती भिंतीकडं बघून म्हणाली, "घरी सांगू नको. सांगितलंस तर मला परत बोलवतील. एकदा परत गेले की माझं लग्न झालंच म्हणून समज."

हे खरं होतं. म्हणूनच अवघड होतं. बीडची ती गच्चीवरची खोली तिनं घरात दोन वर्षं भांडून मिळवली होती. तिच्या आई-वडिलांना सांगणं म्हणजे मी माझ्या हातानं तिचं दार लावून घेणं. न सांगणं म्हणजे काय, ते तिच्या मनगटाकडं बघून कळत होतं. मी तिला म्हणाले, "मी सांगणार नाही. पण या रविवारी घरी जायचं, आणि मी तुझ्यासोबत येणार." रविवारी पहाटे तिनं पिशवी भरली.

तिचे आई-वडील तेव्हा युसूफ वडगावच्या शिवारात होते. सोयाबीन निघालेल्या एका रानात मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी शेतकरी तशा बसवून घेतात. आम्ही बसमधून उतरून बांधाबांधानं चालत गेलो. दुपारची वेळ होती. जाळीच्या कुंपणात कोकरं ओरडत होती. तीन दगडांच्या चुलीवर तिची आई भाकरी थापत होती. तिनं मान वर करून लेकीकडं बघितलं, आणि थापता थापता तिचा हात मंद झाला. मग ती उठली. आम्हाला पाणी दिलं. दोन भाकरी, दूध आणि गूळ ताटात घालून दोघींच्या पुढं ठेवलं आणि पुन्हा चुलीकडं वळली.

सोजरनं तुकडा मोडला. दुधात भिजवला. धरून बसली. मी माझ्या ताटाकडं बघत होते.

मग तिची आई, आमच्याकडं न बघता, मला म्हणाली, "पोरी, मेंढी चरंना झाली तर आमी काय करतो, ठाऊक हाय का? तिला मारत न्हाई. तोंडात पाला कोंबत न्हाई. कळपातून बाजूला काढतो, सावलीला बसवतो, अन् पाला तिच्या तोंडाजवळ धरून बसतो. तिची तिला वाटंल तवा ती तोंड लावती. पर माणूस तिथून उठत न्हाई." मग लेकीकडं वळली. "तू बांधावर दिसलीस तवाच कळलं मला. कावून खाईना झालीस, माय?"

"उपवास..." सोजर म्हणाली.

"देवाला कावून मधी आणतीस? देवानं काय वाईट केलं तुझं?"

सोजरनं हातातल्या तुकड्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही उठून जाईल, चिडेल, नाहीतर तो तुकडा घाईघाईनं गिळून दाखवेल. तिनं तिन्हीपैकी काही केलं नाही. ती म्हणाली, "माय, मला भूक लागती. लई लागती. पर मला खायाचं भेव वाटतंय."

हे वाक्य बोलायला काय लागतं ते मी तेव्हा शेजारी बसून पाहिलं. लांडगा हाकलणाऱ्या आजीची नात, मेंढ्यांच्या पिल्लांना खांद्यावर घेऊन डोंगर चढलेली, कुत्र्याला, अंधाराला, मैदानावरच्या पोरांना न घाबरणारी. तिनं स्वतःच्या आईला सांगितलं, की मी भाकरीला घाबरते. यात किती हसू होऊ शकतं हे तिला माहीत होतं. तरी सांगितलं.

तिची आई हसली नाही. पिठाच्या हातानं तिनं लेकीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. वडील कुंपणाबाहेर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. जवळ आले आणि डोक्यावरचा फेटा काढून पुन्हा बांधत म्हणाले, "दवाखान्यात जाऊ. ह्याच्यावर डाक्टर असंल की."

"बाबा, भरतीचा फॉर्म भरलाय," सोजर आईच्या मांडीतून म्हणाली.

"मैदान काय पळून जायलंय का?"

पुन्हा बीडला पाठवणार की नाही, लग्न करणार की काय, यातलं कुणी काही बोललं नाही. मी उगीचच त्यांना इतके दिवस घाबरले होते. किंवा उगीच नसेलही. पण त्या दुपारी ते दोघं माझ्या भीतीपेक्षा पुष्कळ मोठे निघाले.

मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या विकारांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी तपासलं, रक्त काढायला लावलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून हृदयाचे ठोके बघायला लावले. मग आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाल्या, "हा आजार आहे. हिचा हट्ट नाही, नखरा नाही, कुणाची चूकही नाही. बरा होतो, पण वेळ लागतो. आणि तोपर्यंत पळणं बंद." शेवटचं वाक्य ऐकून सोजरनं डोळे मिटले. त्या वर्षीची मैदानी चाचणी तिच्याशिवाय झाली. मी मात्र त्याच वर्षी परीक्षा पास झाले. निकाल लागला तेव्हा तिला कसं सांगावं म्हणून मी दिवसभर फोन टाळला. संध्याकाळी तिचाच आला. "तलाठीण बाई, आमच्या मेंढ्यांचा सातबारा काढून द्या," असं म्हणून ती जी हसली, तेव्हा मला रडू आलं.

लोकांना वाटतं, आजार कळला की सुटला. तसं नसतं. डॉक्टरांनी खाण्याच्या वेळा ठरवून दिल्या होत्या आणि तिची आई त्या कळपाच्या वेळांसारख्या पाळायची. मी बीडहून दर रविवारी त्यांच्याकडं जायचे. आम्हाला शिकवलं होतं, की तिच्या ताटाकडं बघायचं नाही, अंगाबद्दल बोलायचं नाही, वाईट नाही आणि चांगलंही नाही. मी एकदा विसरले. तिच्या गालावर थोडं तेज आलेलं पाहून म्हणून गेले, "किती छान दिसायलीस आता!" त्यानंतर दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच फोन करून सांगितलं, "अर्चे, तसं म्हणत जाऊ नको. मला ऐकू वेगळंच येतं." मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुझी चूक न्हाई. पर आता तुला ठाऊक पाहिजे." आजारी माणसानं दुसऱ्याला इतक्या सरळपणे शिकवावं, हे मी तिच्याकडूनच पाहिलं.

तिला मी कितीतरी वेळा आठशे मीटर पळताना पाहिलं होतं. पण तिचं खरं बळ मी त्या हिवाळ्यात पाहिलं. समोर अर्धी भाकरी. कपाळावर घाम. घास तोंडाशी जातो, परत येतो, पुन्हा जातो. शेजारी आई लोकर विंचरत बसलेली, मी कसल्यातरी गावगप्पा सांगत असलेली. आणि ताट रिकामं झाल्यावर सोजर ते स्वतः उचलून घासायला नेते, कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी ओटी भरत नाही. उपाशी राहिली तेव्हा सगळ्या जगानं तिचं कौतुक केलं होतं, त्यात मीही होते. जेवली तेव्हा मात्र बघायला आम्ही दोघीच.

पोलीस ती झाली नाही. दोन वर्षांनी मैदान मारलं, लेखी परीक्षेत राहिली. पुढं वय निघून गेलं. आता ती युसूफ वडगावजवळच एका पडीक रानात मुलींना भरतीची तयारी करून घेते. दगड वेचून, चुना टाकून मैदान तिनं स्वतः केलं. तिच्याकडं वजनकाटा नाही. आणि ती पूर्ण बरी आहे का, असं कुणी विचारलं तर ती खोटं बोलत नाही. अजून एखादा आठवडा वाईट येतो. मग माझा फोन वाजतो आणि ती नमस्कार-चमत्कार न करता म्हणते, "आज अवघड हाय." मी स्कूटी काढते, तिच्याकडं जाते, आणि आम्ही दोघी जेवतो.

मागच्या आठवड्यात तिनं मुलींच्या आई-वडिलांना मैदानावर बोलावलं होतं. मीही गेले होते. एकेक जण आपल्या मुलीबद्दल सांगत होता. एका मुलीचे वडील उठले आणि छाती फुगवून म्हणाले, "आमची पोरगी नवरात्रापासून एकच वेळ जेवती. लई जिद्दीची हाय." लोकांनी माना डोलावल्या. मागं बसलेल्या त्या मुलीनं मान खाली घातली.

सोजर उठून उभी राहिली. तिच्यासमोर पन्नास-साठ माणसं होती, गावातली, ओळखीची, उद्या चहाच्या टपरीवर बोलणारी. ती म्हणाली, "काका, मी पण अशीच जिद्दीची व्हते. सगळे कौतुक करायचे. पर ती जिद्द नव्हती. मी आजारी व्हते. मला जेवायचं भेव वाटायचं." आणि तिनं सगळं सांगितलं. उपवास, स्वेटर, प्रसाद, दवाखाना, सगळं. प्रसादाचं सांगण्याआधी तिनं आईकडं बघितलं, आणि तेही सांगितलं. तिची आई पहिल्या रांगेत पदर सावरून बसली होती, आणि सगळ्या गावानं बघावं अशी ताठ बसली होती.

सभा उठली. लोक पांगले. त्या मुलीची आई मागं रेंगाळली, आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, त्या डाक्टरीणबाई कुठं बसतात म्हणालात?"

सोजरनं पत्ता सांगितला नाही. तिनं त्या मुलीकडं बघितलं आणि म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. मी येते की संगं."